मेढीखालची केबल

माझ्याकडे लायसन्स आहे, हे मी लोकांना फार लवकर सांगते. ओळख झाली, चहा आला, की दुसऱ्या घोटाला सांगते. बाईला साइटवर बघितलं की लोक पहिलं हेच विचारतात, "मॅडम, इलेक्ट्रिशियन कधी येणार?" मी म्हणते, "आलीय. तुमच्यासमोर उभी आहे." ठाण्याला एका कंत्राटदाराकडे अकरा वर्षं सुपरवायझर होते, मग डोंबिवलीत स्वतःची कामं घ्यायला लागले. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की आता ते रागाने येत नाही, सवयीने येतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं माझं झालं. कुणी साधं काही सुचवलं तरी मला वाटायचं, घ्या, हा पण मला शिकवायला निघाला.

हे आधी सांगतेय ते स्वतःची बाजू मांडायला, एवढं मलाही कळतं. पुढे मी जे केलं त्याला ही बाजू पुरत नाही.

कोपर स्टेशनच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला एक जुना कोळीवाडा आहे. चारी बाजूंनी इमारती उठल्यात आणि मधे ही पन्नास-साठ घरं, एक विहीर, एक देऊळ आणि मोठं अंगण. अंगण सगळ्यांचं. जाळी तिथेच वाळतात, पोरं तिथेच क्रिकेट खेळतात आणि लग्नाचे मांडवही तिथेच पडतात. अंगणाच्या टोकाला त्यांनी नवा समाजहॉल बांधला होता. रस्त्याकडच्या मीटरपेटीपासून हॉलपर्यंत जमिनीखालून लाइन न्यायची, हॉलचे पंखे-दिवे आणि विहिरीवरचा पंप चालू करून द्यायचा, एवढंच माझं काम. सत्तर पावलांची लाइन. मी मनात म्हटलं, चार दिवसांचा खेळ आहे.

समितीची बैठक हॉलमध्येच भरली. मी नेहमीप्रमाणे केबलचे दोन वीतभर तुकडे घेऊन गेले होते. एक आर्मर्ड, एक साधी. लोकांच्या हातात वस्तू दिली की कळतं, नुसतं बोलून कळत नाही. मी दाखवलं: दोन्हींच्या आत वीज नेणाऱ्या चार तारा असतात, त्यांच्यावर प्लॅस्टिक असतं. आर्मर्डच्या पोटात त्याशिवाय पोलादी तारांचं एक कडं असतं, अंगरख्याच्या आत चिलखत घालावं तसं. साधीला ते नसतं. आर्मर्ड जड, वळवायला कठीण, टोकं बांधायला वेळखाऊ. साधी हलकी, पाइपातून सरसर ओढता येते आणि उद्या खराब झाली तर ओढून बदलता येते. वाटेत दोन गटारं होती, विहिरीला वळसा होता. मी म्हटलं, "साधी घालू, जाड पाइपातून. उत्तम होईल." यात खोटं काही नव्हतं. पुष्कळ ठिकाणी मी तसंच करते आणि ते चालतं.

कोपऱ्यात एक काका जाळं दुरुस्त करत बसले होते. सत्तरीचे, बारीक अंगाचे, पांढरा शर्ट आणि लुंगी. शहाडकडच्या एका कारखान्यात तीस वर्षं केबल टाकणाऱ्या टोळीत मदतनीस होते, असं मला आधीच कुणीतरी सांगितलं होतं. निवृत्त झाल्यावर परत होडी आणि जाळं. त्यांच्या हातातली बांबूची सुई आत-बाहेर चालली होती आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. बोटं आपली आपण काम करत होती. मी बोलता बोलता दोनदा त्या बोटांकडे बघितलं, इतकी ती बघण्यासारखी होती.

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं, उठून आले, दोन्ही तुकडे हातात घेऊन तोलले आणि म्हणाले, "बाय, आर्मर्ड घे. हितं मांडव परतान. मेढीचा खड्डा पारीनं खनतान."

मेढ म्हणजे लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब. आता मांडव लोखंडी पाइपांचा असतो, भाड्याने येतो, त्याला खड्डा लागतच नाही. पण मेढीला लागतो. घरातला सगळ्यात वडीलधारा माणूस पहारीला हळद-कुंकू लावतो, स्वतःच्या हाताने खड्डा खणतो, त्यात उंबराची फांदी बांधलेला खांब रोवतात, आणि मग लग्न सुरू झालं म्हणायचं. कोणत्या घराची मेढ अंगणात कुठे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. तिथून ती वीतभरही सरकत नाही.

मी म्हटलं, "पाइप टाकतेय ना काका. पाइप मग कशासाठी असतो?"

"पारीला पाइप काय कलतंय?" काका म्हणाले, आणि सगळे हसले.

ते पहारीला हसले होते, हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, मला हसले. कानाच्या पाळ्या तापल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी बोलले, "काका, कारखान्यात तुम्ही मदतनीस होतात ना? केबल ओढणं वेगळं आणि कुठली घालायची ते ठरवणं वेगळं. ठरवायला लायसन्स लागतं."

हॉलमधलं हसू तिथल्या तिथे विझलं. समितीचा एक माणूस उगाच पंख्याच्या हुककडे बघायला लागला. काकांनी दोन्ही तुकडे टेबलावर होते तसे, शेजारी शेजारी ठेवले. "बरं बाय," ते म्हणाले, "तुला कलतंय." त्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. ते जाऊन परत जाळ्याशी बसले.

स्कूटरवरून घरी येताना, डोंबिवलीचा पूल चढायच्या आतच मला कळलं होतं की त्यांचं बरोबर आहे. जिथे कुणी खणत नाही तिथे पाइपातली साधी केबल चालते. जिथे दर लग्नाला पहार चालते तिथे आर्मर्डच हवी. हे मीच नव्या पोरांना शिकवते. पोलादी तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात. पहार आत घुसलीच तर आधी त्यांना भिडते, करंट जमिनीत जातो, फ्यूज उडतो आणि पहार धरणाऱ्याचा जीव वाचतो. केबल मेली तरी माणूस राहतो, असं मी त्यांना सांगते.

माल अजून घ्यायचा होता. दोन दिवसांनी मी कल्याणच्या बाजारात माझ्या नेहमीच्या दुकानात गेले. दुकानदाराने जागा विचारली, मी सांगितली. तो म्हणाला, "मोकळं अंगण आहे ना मॅडम? मग आर्मर्ड काढू?"

मी तिथे किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मागचा माणूस खाकरला. आर्मर्ड घेतली तर ती अंगणात उतरवताना काका बघणार, समिती बघणार, आणि कुणीतरी म्हणणार, बघा, शेवटी आपल्या काकांचंच ऐकलं. पडले तरी नाक वर, ही म्हण कुणी केली असेल ती माझ्यासारखीला बघूनच.

"साधी द्या," मी म्हटलं.

चर खणायला घेतला. अडीच फूट खोल जायचं ठरलं होतं आणि बहुतेक ठिकाणी गेलोही. विहिरीजवळ जुन्या बांधाचा दगड लागला. खणणारे म्हणाले, "मॅडम, इथे सव्वा फुटाच्या खाली जात नाय. फोडायचा तर मशीन आणायला लागेल." मी बघितलं. दोन-तीन पावलांचाच तुकडा होता. काका त्या वेळी खाडीत होते. ते अंगणात असते तर मी कदाचित मशीन आणलं असतं. मी म्हटलं, "राहू दे. टाका पाइप आणि बुजवा." हॉल झगमगला, पंप चालू झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या.

पुढच्या वर्षी त्यांचा फोन आला. "बाय, नातवाची हलद हाय. तू यायचंच. लाईट तुजी हाय." मी हो म्हटलं. मला खरंच आनंद झाला. मग ते म्हणाले, "आनी एक इचारतो. आमची मेढ इहिरीच्या बाजूला हाय. लाईन तितं किती खोल हाय?"

मला दगड आठवला. मी विसरले होते असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले, पण ते खरं नाही. दगड आठवला, त्याच्यावरचा ओला चिखलही आठवला. काका, तिथे वर आहे, लाइन बंद करून खणा, एवढं सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर पुढचं वाक्य तेच आलं असतं: म्हनून सांगत व्हतो, आर्मर्ड घे. काका तसं बोलले नसते, हे आज कळतं. तेव्हा मला ते वाक्य कानात ऐकूच आलं. मी म्हटलं, "अडीच फूट आहे काका. बिनधास्त खणा." मेढीला असा किती खड्डा लागतो, वर पाइप आहेच, असं मनाला सांगून मी फोन ठेवला.

मांडवाच्या दिवशी सकाळी मी नवी साडी नेसून गेले. त्यांच्या सुनेने, म्हणजे नवऱ्या मुलाच्या आईने, मला गजरा दिला आणि पुढची खुर्ची दिली. लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी धवलारीण बसून गात होती. पाहुण्यांसाठी पिंपं भरायची होती म्हणून विहिरीवरचा पंप चालू होता. माझ्या लाइनवर. काकांनी पहारीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, नारळाचं पाणी जमिनीवर शिंपडलं आणि अनवाणी उभे राहिले. बाजूला त्यांचा मुलगा होता. तो म्हणाला, "बाबा, लाइन बंद करून ठेवू का जरा वेळ?"

"कशाला?" काका म्हणाले. "बायला इचारलंय मी. लायसनवाली हाय ती."

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. कौतुकाने बघत होते. आणि मी हसले.

बंद करा, एवढे दोन शब्द होते. पहिला घाव पडला, माती उडाली. दुसरा पडला. प्रत्येक घावाला मी खुर्चीची कड धरत होते आणि तोंडावर हसू तसंच होतं. मी मनात खोली मोजत होते. अर्धा फूट. एक. पुरे झालं काका, आता पुरे, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. मोठ्याने काहीच म्हटलं नाही.

मोठा फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. खड्ड्यातून निळा-पांढरा झोत आला आणि काका मागे पडले. पहार खड्ड्यात तशीच उभी राहिली. धवलारणीचं गाणं अर्ध्या ओळीवर थांबलं. पहारीने दोन तारा एकमेकींना भिडवल्या होत्या म्हणून फ्यूज उडाला आणि म्हणून ते वाचले. ते नशीब होतं, त्यात माझं काम काहीच नव्हतं.

पुढचं मात्र मी नीट केलं. कुणाला पहारीला हात लावू दिला नाही, मीटरपेटीचा मेन स्विच खाली ओढला, काकांचा श्वास बघितला, छाती बघितली, हात ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळला, गाडी मागवली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन हॉस्पिटलपर्यंत गेले. उजवा तळवा भाजला होता. वाटेत त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मांडव थांबवू नका." थांबवला नाही. हळद झाली, लग्न झालं, दुसऱ्याच कुणीतरी मेढ रोवली.

लोक विचारायला लागले तेव्हा मी खरं सांगायचं ठरवून उभी होते. समितीच्या माणसाने खाटेजवळ वाकून विचारलं, "काका, झालं कसं?" आणि मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "पार वाकरी लागली. माजीच चूक. बायचं काम चांगलं हाय." मी तोंड मिटलं. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. गिळलेलं पोटात राहतं.

आठवड्याभरात मी तो सगळा चर परत खणला, मशीन आणून दगड फोडला आणि आर्मर्ड घातली. लोकांना म्हटलं, पुढे त्रास नको म्हणून करतेय. लोक म्हणाले, मॅडमचं मन मोठं आहे. आणि नारळी पौर्णिमेच्या कार्यक्रमात, त्याच हॉलमध्ये, त्यांनी माझा सत्कार ठेवला. मॅडम होत्या म्हणून काका वाचले, असं माइकवरून सांगितलं. शाल, श्रीफळ, टाळ्या. मी शाल खांद्यावर घेतली. आजही हे लिहिताना त्या शालीची लोकर मानेला टोचते. काका पहिल्या रांगेत होते. त्यांना टाळी वाजवता येत नव्हती म्हणून ते डाव्या हाताने मांडीवर थाप मारत होते.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती शाल पिशवीत घालून मी कोळीवाड्यात गेले.

काका अंगणात बसले होते. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, सुई डाव्या हातात. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळून तळव्याला चिकटल्यासारखी झाली होती. ती आता उघडणार नव्हती, डॉक्टरने सांगितलं होतं. नवी नातसून शेजारी बसून त्यांना सुईत दोरा भरून देत होती. ते एक गाठ मारायचे, ती सैल पडायची, परत सोडायचे. मी ते थोडा वेळ बघितलं. मग नातसून पाणी आणायला आत गेली आणि मी सगळं सांगून टाकलं. दुकान, दगड, फोन. मी म्हटलं, "काका, तिथे सव्वा फूटच होतं. मला माहीत होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी जाळ्यावरून नजर काढली नाही. "म्हाईत हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तवाच. पार हितवर गेली व्हती." त्यांनी डाव्या हाताने शेजारी भिंतीला टेकवलेल्या पहारीवर खूण दाखवली. टोकापासून सव्वा फूट. तीस वर्षं केबलचे चर बघितलेला माणूस. त्यांना टेपची गरज नव्हती.

"मग हॉस्पिटलमध्ये बोलला का नाहीत?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. माझा प्रश्नच त्यांना समजला नव्हता. "सगल्यांच्या म्होरं?" ते म्हणाले. "तुला?"

मला हॉल आठवला. टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन तुकडे आठवले. मी तिथेच, अंगणात, रडायला लागले. काकांनी जाळ्याचं टोक अंगठ्यातून सोडवून माझ्याकडे केलं आणि म्हणाले, "धर. घट्ट धर." मी धरलं. नातसून पाणी घेऊन आली तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो.

याला आता तीन वर्षं झाली. कुठलंही काम आलं की आर्मर्ड की साधी हे ठरवायच्या आधी मी विचारते, इथे खणतं कोण. आंबिवलीला एका कामावर एका मजुराने मला केबल बदलायला सांगितली आणि मी बदलली. हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाही. त्याने काकांची बोटं सरळ झालेली नाहीत. ते आता होडीवर जात नाहीत, घरची जाळी बाहेर दुरुस्तीला देतात.

आणि सगळ्यांसमोर मी अजून बोललेले नाही. दर नारळी पौर्णिमेला मला आमंत्रण येतं, दर वेळी मी बोलायचं ठरवून जाते, दर वेळी काका पुढच्या रांगेत बसून मानेनेच नको म्हणतात, आणि मी त्यांचं ऐकते. तेवढं एकच मी त्यांचं लगेच ऐकते. पिशवीतून तशीच परत आणलेली ती शाल कपाटात आहे. हे लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं, निदान कागदावर तरी सगळ्यांसमोर सांगायचं. सगळं लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचून बघितलं. कुठेच कुणाचं नाव घातलेलं नाही. माझंही नाही.